बटणाच्या मोबाईलला 28 दिवसांचा रिचार्ज मारू नका

गावातल्या मोबाईल शॉपीत "नेहमीचाच मार" म्हटलं, की बहुतेक वेळा 28 दिवसांचा रिचार्ज पडतो. 28 दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. दोनशेचा धरला तरी 2,600 रुपये. त्यात नेटचेही पैसे असतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बटणाच्या मोबाईलवर नेट कोणी लावतच नाही!

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलला. फक्त कॉल आणि एसएमएसचा रिचार्ज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं, आणि अशा रिचार्जची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत ठेवायची मुभा मिळाली. 2025 च्या सुरुवातीला वर्षभराचा असा रिचार्ज साडेअठराशेच्या आसपास होता. आजचा भाव विचारून घ्या. दुकानात "नेट नको, नुसतं बोलायचं, वर्षभराचा दे" असं स्पष्टच सांगावं लागतं.

हे एकरकमी पैसे काढायची वेळ म्हणजे सोयाबीनचा किंवा कापसाचा चुकारा हाती येतो ती. जुलै-ऑगस्टमध्ये खत, फवारणी, निंदणाची मजुरी यातच खिसा रिकामा होतो, रिचार्ज राहून जातो आणि नंबर झोपतो. 90 दिवस कॉल, एसएमएस, नेट काहीच झालं नाही, तर कंपनी नंबर बंद करू शकते. बॅलन्समध्ये 20 रुपये असले तर तेवढे कापून 30 दिवस वाढतात. पण प्लॅनच्या रिचार्जचे पैसे बॅलन्समध्ये पडत नाहीत, तिथे शून्यच राहतो. वीसचा टॉपअप मारला तर कर आणि शुल्क जाऊन पंधराही जमा होत नाहीत. म्हणून पन्नासचा मारा. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि बँक, आधार, पीएम किसान सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर असतात. मग म्हाताऱ्या माणसाला बोटांचे ठसे द्यायला आधार केंद्रावर न्या, बँकेत अर्ज द्या. मजुरीचे दिवस त्यात जातात.

पोस्टपेड महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्याला ठीक. जाहिरातीत समजा 399 लिहिलं, तर त्यावर 18 टक्के जीएसटी लागून बिल 471 चं येतं, प्रीपेडच्या किमतीत मात्र कर धरलेलाच असतो. शेतीच्या घरात दर महिन्याची ठरलेली तारीख पाळणं कठीण. बिल थकलं की सेवा बंद होते, आणि थकबाकी भरेपर्यंत नंबर पोर्टही, म्हणजे तोच नंबर ठेवून दुसऱ्या कंपनीत नेताही, येत नाही.

वर्षभराचा मारण्याआधी रेंज मात्र पक्की बघा, घरात, वावरात, विहिरीपाशी. शेजाऱ्याचं त्या कंपनीचं सिम दोन दिवस टाकून पाहा. कंपनी बदलायचीच असेल तर आधी पोर्ट करा: इंग्रजीत PORT लिहून, जागा सोडून, आपला नंबर टाकून 1900 वर एसएमएस पाठवला की आठ अक्षर-अंकांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. पोर्ट झाल्यावर जुन्या रिचार्जची उरलेली मुदत नव्या कंपनीत येत नाही.