ती चित्रं एकट्या जॉन गूल्डची नाहीत

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच पोस्ट आली. सोबत सात-आठ जुनी पक्षिचित्रं, बघत राहावीत अशी, आणि खाली मजकूर. त्याचा सारांश असा की जॉन गूल्ड नावाच्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने, माळ्याच्या मुलाने, एकट्याच्या बळावर तीन हजार पक्षिचित्रं काढली, जंगलात तासन् तास बसून जिवंत पक्षी बघून तो रंगवायचा, बायको एलिझाबेथ त्याला रंग भरायला मदत करायची, डार्विनचे ते प्रसिद्ध फिंच पक्षी त्यानेच ओळखले, आणि ऑस्ट्रेलियातल्या गूल्डियन फिंचला त्याचंच नाव दिलंय. खाली शेकडो लाइक आणि हात जोडलेले इमोजी.

माळ्याचा मुलगा हे खरं. डार्विनचंही खरं, पण अर्धंच. बाकीचं मात्र असंच पुढे जात राहिलं तर एका बाईचं आयुष्यभराचं काम आपण पुसून टाकतोय, म्हणून एवढं सगळं टाइप करत बसलोय.

आधी ते "एकट्याने". पोस्टमध्ये जी चित्रं आहेत त्यातली निदान दोन हिमालयातल्या पक्ष्यांच्या पुस्तकातली आहेत, १८३१-३२ च्या सुमारास लंडनला निघालेलं ते पुस्तक, ८० पानं चित्रांची. त्याचे स्कॅन नेटवर फुकट आहेत, उघडा आणि पानाच्या तळाशी झूम करा. बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलंय, त्याचा अर्थ "निसर्गावरून आणि दगडावर रेखाटलं: ई. गूल्ड". ई म्हणजे एलिझाबेथ. जे. नाहीच तिथे. पोस्ट बनवणाऱ्याने चित्र क्रॉप केलं आणि नेमकी तीच ओळ कापली गेली, मुद्दाम नसेल, पण गेली.

आणि एलिझाबेथही एकटी नव्हती. पुढे युरोपच्या पक्ष्यांच्या पुस्तकात ६८ चित्रं एडवर्ड लिअरची आहेत, तोच लिअर जो पुढे गमतीदार कवितांसाठी जगभर ओळखला गेला. एलिझाबेथ गेल्यावर हेन्री रिख्टरने वर्षानुवर्षं काम केलं, मग जोसेफ वुल्फ, विल्यम हार्ट. तीन हजारांच्या आसपास चित्रं जॉन गूल्डच्या नावावर निघाली हे बरोबर आहे, पण ती "त्याने प्रकाशित केलेली" चित्रं आहेत. तो स्वतः काय करायचा? कच्ची स्केचेस करायचा, पक्षी कसा बसलेला दाखवायचा, मान कुठे वळवायची, कुठला रंग कुठे यायला हवा ते शेजारी लिहून द्यायचा. पक्ष्यांच्या जाती ओळखणं, मजकूर लिहिणं, वर्गणीदार गोळा करणं, नमुने मागवणं, हे सगळं त्याचं, आणि त्यात तो जबरदस्त होता. नुसत्या ऑस्ट्रेलियातल्या ३०० हून जास्त पक्ष्यांना त्याने शास्त्रीय नावं दिली. त्याला मोठं ठरवायला तो चित्रकार असायची गरजच नाही, म्हणून तर मला या पोस्टचा जास्त त्रास होतो.

आता "रंग भरायला मदत". हे वाक्य सगळ्यात जास्त चुकीचं आहे, कारण रंग भरणं हेच काम एलिझाबेथचं नव्हतं. हे शिळाछाप काम आहे, आपल्याकडच्या जुन्या पोथ्या-पंचांगं निघायची ना, तेच तंत्र. जड सपाट चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, म्हणजे छापल्यावर डावीकडे बघणारा पक्षी दगडावर उजवीकडे बघतोय. पिसाची एकेक रेघ, डोळ्याभोवतीचं कडं, पायावरचे खवले, सगळं आरशात बघितल्यासारखं, आणि हात जरा जरी दगडाला लागला तरी त्याचा तेलकटपणा उमटतो, पुसून पुन्हा करू म्हणायची सोयच नाही. मग ओल्या दगडावर तेलकट शाई फिरवली की ती फक्त रेघांना धरते आणि काळी प्रत निघते. त्या काळ्या प्रतीत नंतर जलरंग भरायचे, आणि ते काम एलिझाबेथचा नमुना समोर ठेवून बाहेरचे पगारी रंगारी करायचे. म्हणजे जिला आपण मदतनीस म्हणतोय तीच चित्र पूर्ण करत होती आणि रंग भरणारे तिचे मदतनीस होते!

हे दगडावरचं काम तिला लग्नाआधी येत नव्हतं. आधी ती एका घरात गव्हर्नेस होती, एका लहान मुलीला लॅटिन, फ्रेंच आणि संगीत शिकवायची. जानेवारी १८२९ मध्ये लग्न झालं, आणि त्यानंतर बारा वर्षांत तिने ६०० हून जास्त चित्रं केली. या बारा वर्षांत तिला आठ मुलं झाली. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून जरा विचार करा.

"जंगलात बसून जिवंत पक्षी". हिमालयाच्या पुस्तकापुरतं तर हे शक्यच नाही, कारण दोघांनीही हिमालय कधी पाहिला नाही. पक्ष्यांची कातडी जहाजाने लंडनला आली, जॉन तिथल्या झूलॉजिकल सोसायटीच्या म्युझियममध्ये टॅक्सिडर्मीचं, म्हणजे मेलेल्या पक्ष्या-प्राण्यांत पेंढा भरून ठेवायचं, काम बघायचा, त्या वाळलेल्या कातड्यांवरून एलिझाबेथने पक्षी उभे केले. पेंढा भरलेल्या पक्ष्यावरून फांदीवर झुकलेला, आता उडेल असा पक्षी काढणं हे मला जंगलात बसून काढण्यापेक्षा अवघड वाटतं. हमिंगबर्डचंही तसंच. त्यांचं पुस्तक १८४९ पासून निघायला लागलं, १८५१ मध्ये लंडनला त्यांचं प्रदर्शन भरवलं तर ७५,००० वर लोक बघून गेले, आणि जॉन गूल्डने जिवंत हमिंगबर्ड पहिल्यांदा बघितला १८५७ साली, अमेरिकेत गेल्यावर. ऑस्ट्रेलियात मात्र तो खरंच रानोमाळ हिंडला, ते मान्य करायलाच हवं.

पण तिथेही एलिझाबेथ होतीच. मे १८३८ मध्ये ती जहाजात बसली तेव्हा तीन लहान मुलं तिने तिच्या आईकडे सोडली होती, फक्त थोरला सोबत. जॉन झाडीत हिंडायचा आणि ही बराच काळ टास्मानिया बेटावरच्या होबार्टला, समोर आलेले पक्षी आणि तिथली झाडंपानं रेखाटत. पुढचं मूलही तिथेच झालं. ऑगस्ट १८४० मध्ये इंग्लंडला परत आले, ऑस्ट्रेलियाच्या पक्ष्यांचं ते प्रचंड काम सुरू झालं, त्यातली ८४ चित्रं तिची झाली, आणि १५ ऑगस्ट १८४१ ला आठव्या बाळंतपणानंतरच्या तापात ती गेली. ३७ वर्षांची होती. जॉन त्यानंतर चाळीस वर्षं जगला, पुस्तकांमागून पुस्तकं काढत राहिला, आणि नाव त्याचंच उरलं.

डार्विनचं थोडक्यात सांगतो. जानेवारी १८३७ मध्ये डार्विनने गालापागोस बेटांवरचे पक्षी झूलॉजिकल सोसायटीकडे दिले, त्याला स्वतःला ते वेगवेगळ्या कुळांतले वाटत होते, गूल्डने काही दिवसांतच सांगितलं की हे सगळे एकाच गटातले फिंच आहेत, जाती फक्त वेगळ्या. हे श्रेय शंभर टक्के त्याचं. पण डार्विनच्या बीगल जहाजावरच्या प्रवासाच्या अहवालात पक्ष्यांची जी ५० चित्रं आहेत ती दगडावर एलिझाबेथने काढलीत, आणि डार्विनने तसं छापून ठेवलंय: स्केच मिस्टर गूल्ड यांचं, दगडावरचं काम मिसेस गूल्ड यांचं, आणि वर तिच्या कामाचं कौतुक. डार्विनला जे लिहावंसं वाटलं ते आपल्या पोस्टमध्ये एका ओळीत मावलं नसतं का?

लिअरने तर जॉनच्या मृत्यूनंतर डायरीत स्पष्टच लिहिलं की सुरुवातीच्या काळात या माणसाचं सगळं त्याच्या बायकोवर आणि माझ्यावर अवलंबून होतं. लिअरचा त्याच्यावर राग होता, म्हणून ते थोडं कमी धरा हवं तर.

शेवटचा मुद्दा, गूल्डियन फिंच. शास्त्रीय नावात "गूल्डिए" आहे, लॅटिनमध्ये असा शेवट बाईच्या नावाला लागतो, पुरुषाचं असतं तर "गूल्डी" झालं असतं. तिच्या नावाचा आणखी एक पक्षी आपल्या हिमालयात आहे, मिसेस गूल्डचा सनबर्ड, लाल-पिवळा-निळा, एवढासा. त्याला हे नाव १८३१ मध्ये व्हिगर्सने दिलं, हिमालयाच्या त्या पुस्तकाचा मजकूर लिहिणारा तोच. आणि सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी सांगतो, आपल्या घाटातला लाल छातीचा शिंजीर आहे ना, त्याच्या शास्त्रीय नावात हाच व्हिगर्स आहे, दख्खनच्या पक्ष्यांची यादी करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३२ मध्ये ते दिलं. दोन्ही पक्षी एकाच प्रजातीतले (जीनस), जाती फक्त वेगळ्या, भाऊबंदच म्हणा.

फिंचला ते नाव दिलं खुद्द जॉन गूल्डने, १८४४ मध्ये, म्हणजे ती जाऊन तीन वर्षं झाल्यावर. त्या पक्ष्याचं चित्र अर्थातच रिख्टरने केलं. सोबतच्या मजकुरात जॉनने लिहिलंय की हा देखणा पक्षी मी माझ्या दिवंगत पत्नीच्या स्मृतीला वाहतोय, जिने कित्येक वर्षं आपल्या पेन्सिलीने कष्ट करून मला साथ दिली आणि माझ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला आली.