मावशी, त्या दोघींची तक्रार करू नकोस

मिरजेहून मावशीचा फोन सकाळी साडेसातला आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. "वरच्या खोलीत त्या दोघी राहतात ना, त्यांचं पोलिसांत कळवायला लागतं का गं?" म्हटलं, काय केलं त्यांनी? तर काही नाही. दोघी नर्स आहेत, एकीची रात्रपाळी असली की दुसरी तिचा डबा पोचवते, भाडं पाच तारखेच्या आत मिळतं. मग झालं काय? भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आलाय.

मेसेज मागवून घेतला. वर "सावधान", खाली "एका वकील मित्राकडून, दहा जणांना पाठवा". मधे पाच मुद्दे. एक: सुप्रीम कोर्टाने २०२३ साली समलिंगी संबंध पुन्हा बेकायदा ठरवले, शेजारी अशी जोडी दिसली तर पोलिसांना कळवा, त्यांना खोली देणाराही गुन्हेगार. दोन: तरी पुरोगामी मंडळी कायदा आणणार आणि मग भटजींना अशी लग्नं लावावीच लागतील, नाही म्हटलं तर तुरुंग. तीन: हे सगळं पाश्चात्त्य थेर. चार: आपल्या धर्मात अशांना कायम कठोर शिक्षाच होती. पाच: आज हे, उद्या भाऊ-बहीण लग्न करतील.

मावशीला अशी लग्नं पटत नाहीत. नसू देत, तिचं मत बदलायला मी बसलेली नाही. पण मत वेगळं आणि दोन पोरींना पोलिसांच्या दारात उभं करणं वेगळं. म्हणून पहिल्या मुद्द्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

मेसेजमधला निकाल खरा आहे. १७ ऑक्टोबर २०२३, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, सगळं मिळून ३६६ पानं. त्यात काय झालं? लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, यावर पाचही जणांचं एकमत झालं. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात 'पुरुष' आणि 'स्त्री' हे शब्द आहेत, ते कोर्टाने आपल्या अधिकारात बदलायचे नाहीत, ते काम संसदेचं, यावरही. लग्न नाही तर निदान नात्याला कायदेशीर मान्यता द्या, जोडप्याला मूल दत्तक घेऊ द्या, यावर पीठ फुटलं. चंद्रचूड आणि कौल हो म्हणाले, भट, कोहली आणि नरसिंहा नाही म्हणाले, तीन विरुद्ध दोन. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे लग्नाच्या बाबतीत मेसेजवाल्यांची बाजू जिंकली. मला ते आवडलं नाही, पण खरं आहे ते खरं आहे.

आता 'बेकायदा' हा शब्द कुठून आला ते या वकील मित्राने सांगावं. ६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी संमतीने ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही. २०२३च्या निकालाने त्याला हात लावलेला नाही. उलट लग्नाला नकार देणाऱ्या बहुमताच्या निकालपत्रातच म्हटलंय की अशा दोघांना जोडीदार निवडण्याचा, एकत्र राहण्याचा हक्क आहे आणि कुणी त्रास दिला तर संरक्षण देणं सरकारवर बंधनकारक आहे. वाचलंत? हे विरोधात मत देणाऱ्यांनी लिहिलंय. शिवाय १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, ज्याखाली पूर्वी समलिंगी संबंध आणि पुरुषावरचा बलात्कार दोन्ही गुन्हे होते त्या ३७७ सारखं कलम उरलेलं नाही. (त्यामुळे पुरुषावर बलात्कार झाला तर दाद कुठल्या कलमाखाली मागायची हा घोळ झालाय. ती तक्रार खरी आहे, पण मेसेजवाल्यांना ती सुचलेली नाही.)

मग पोलिसांत जाऊन मावशी सांगणार काय? की दोघी बायका एकमेकींचा डबा नेतात? भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची पद्धत आहे आणि ती मावशीने आधारकार्डाच्या झेरॉक्सांसकट केव्हाच दिलीय. त्या दोघी मैत्रिणी आहेत, आतेबहिणी आहेत की आणखी कुणी, हे मला ठाऊक नाही, मावशीलाही नाही, आणि कायद्याला ते विचारायचंच नाहीये. पण शिपाई जिना चढून वर आला एवढं गल्लीने पाहिलं तरी पुरे. खोली जाईल. हॉस्पिटलपर्यंत बातमी जाईल. एकीच्या घरचे येऊन तिला उचलून नेतील. हे मी रंगवून सांगत नाही. २०२५च्या मे महिन्यात मद्रास हायकोर्टापुढे अशीच एक मुलगी आली होती, घरच्यांनी कोंडून ठेवलेली. तिच्या मैत्रिणीने अर्ज केला होता. कोर्टाने तिला मैत्रिणीबरोबर जाऊ दिलं, आणि कुटुंब काही फक्त लग्नानेच बनतं असं नाही, हेही सुनावलं.

सरकारचंही सांगते, कारण ग्रुपवर सरकारवर विश्वास ठेवणारे पुष्कळ आहेत. याच केंद्र सरकारने कोर्टात लग्नाला कडाडून विरोध केला. आणि याच सरकारच्या अर्थ खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये खुलासा केला की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी लावायला कुठलीही आडकाठी नाही. रेशनकार्डावर एक कुटुंब म्हणून धरा, असंही राज्यांना कळवलं गेलं. गुन्हेगारांसाठी सरकार रेशनकार्डाची सोय करतं होय?

भटजींचा मुद्दा. हा वाचून मी खरंच हसले. हिंदू विवाह कायद्यासारख्या वैयक्तिक कायद्यांत आम्ही शिरणार नाही, असं पीठाने एप्रिल २०२३ मध्ये सुनावणीच्या सुरुवातीलाच बजावलं होतं. वाद होता विशेष विवाह कायद्याचा. त्यात विवाह अधिकारी लागतो, तीन साक्षीदार लागतात, दोघांनी एकमेकांना "मी तुला स्वीकारतो" म्हणावं लागतं. भटजी लागतच नाहीत. आणि भटजींवाचून लग्न लागतं, हे महाराष्ट्राला १८७३ पासून, सत्यशोधक पद्धतीपासून ठाऊक आहे. पुढे जुन्नर भागात कोर्टात धावले ते भटजीच, दक्षिणा बुडाली म्हणून!

पाश्चात्त्य थेर? सरकारनेही कोर्टात 'शहरी उच्चभ्रूंचा विचार' असं म्हणून पाहिलं, चंद्रचूडांनी ते खोडून काढलं. भोपाळकडच्या दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं म्हणून त्यांची नोकरी गेली, ते १९८०च्या दशकात. त्या कुठल्या उच्चभ्रू? १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, कारण 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकात त्यांनी समलिंगी संबंधांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं छापली होती. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले, पण ते प्रश्न विचारणारे मराठी वाचक काय लंडनहून पत्रं टाकत होते? आणि शेजारच्या नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या लग्नाची नोंदणी झाली, लमजुंगसारख्या डोंगराळ जिल्ह्यात.

धर्मातल्या शिक्षेबद्दल. ३७७ कलमातली जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आली ती इंग्रज अधिकारी मेकॉलेच्या मसुद्यातून, १८६० साली. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अशा पुरुषाला प्रायश्चित्त काय? सचैल स्नान. अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ. मुलींसाठी मात्र आठव्या अध्यायात दंड, फटके आणि बोटं छाटण्यापर्यंत मजल गेलीय, तेही सांगते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच वाचलं असं कुणी म्हणायला नको. पण 'कायम कठोर शिक्षाच' हे काही निघत नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर सरसंघचालकांची जानेवारी २०२३ची मुलाखत बघा. असे लोक पूर्वापार आहेत, त्यांना समाजात जागा हवी, असं सांगताना मोहन भागवतांनी जरासंधाच्या हंस आणि डिम्भक या सेनापतींचा दाखला दिला. दोन महिन्यांनी संघाचेच दत्तात्रेय होसबाळे म्हणाले, लग्न हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषांतच. ही झाली विरोधाची सरळ भूमिका. तिच्याशी मी वाद घालीन, पण त्यात "पोलिसांना कळवा" कुठे आहे?

भाऊ-बहिणीच्या मुद्द्याला एक ओळ पुरे: निषिद्ध नात्यांची यादी विशेष विवाह कायद्यातच आहे आणि ती काढा असं कुणीही मागितलेलं नाही.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं, थोडं कमी चिडून. तिने ऐकून घेतलं. "म्हणजे कळवायचं नाही," एवढाच अर्थ काढला, तो बरोबर होता. मेसेज तिनेही अकरा जणींना पाठवून झाला होता. दुपारी तिने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "सकाळचा मेसेज चुकीचा आहे. भाचीने सांगितलं." खाली चौघींनी जोडलेले हात टाकले. पाचवीने तोच मेसेज परत टाकला.