‘दोनदा जाळून घेतलं तरी परत आलं’ या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गुप्तांगावरच्या चामखिळी आम्ही दोनदा ‘जाळल्या’ आणि दोन महिन्यांत त्याच भागात नव्या उगवल्या. लेझर मागितलं तर टाळलं, घरी लावायचं मलम हातात दिलं आणि त्या मलमाने कातडी सोलली. एचपीव्हीची रक्ततपासणी मागितली ती केली नाही, उलट एचआयव्ही आणि सिफिलिसची करायला लावली. वर ‘पत्नीलाही तपासून घ्या’ म्हणून घरात संशय पेटवला. शेवटचं वाक्य असं, की दुसरीकडे एका बैठकीत गॅरंटीने कायमचा इलाज होतो, इथे नुसत्या फेऱ्या मारायला लावतात.

तुम्ही आमचे पेशंट आहात की नाही, यावर मी इथे हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. स्वतःबद्दल चारचौघांत लिहायचा हक्क तुम्हाला आहे, तुमच्याबद्दल लिहायचा मला नाही. त्यामुळे पुढे जे आहे ते या आजाराबद्दल आणि आमच्या कामाच्या पद्धतीबद्दल. तुमचा रिव्ह्यू असे बरेच जण वाचत असतील ज्यांनी अजून कुणा डॉक्टरला दाखवलेलंच नाही. उत्तर लांबतंय ते त्यांच्यासाठीही.

‘परत आलं’पासून सुरू करते, कारण बाकीच्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निघाल्यात.

या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतात. त्याचे दोनशेच्या आसपास प्रकार आहेत, पण गुप्तांगावरच्या दहातल्या नऊ चामखिळींमागे ६ आणि ११ हे दोनच नंबर असतात. विषाणू राहतो कातडीच्या अगदी खालच्या थरातल्या पेशींत, आणि फक्त चामखिळीखाली नाही, तर शेजारच्या गुळगुळीत, निरोगी दिसणाऱ्या कातडीतसुद्धा. आम्ही गोठवतो, जाळतो किंवा कापतो ती वर आलेली वाढ. भिंतीवरची बुरशी खरवडली तरी आतली ओल तशीच राहते, तसं हे आहे. ओल सुकवायचं काम शरीराची प्रतिकारशक्ती करते आणि ती आपल्या वेळाने करते. बहुतेकांमध्ये विषाणू वर्ष-दोन वर्षांत दबतो. त्याला संपवणारी गोळी, इंजेक्शन किंवा मशीन आज कुणाकडेच नाही. उपचारानंतर पहिल्या तीन महिन्यांत नव्या चामखिळी दिसणं इतकं नेहमीचं आहे, की पहिल्याच भेटीत आम्ही ते तोंडी सांगतो आणि केसपेपरवरही लिहितो. दोन महिन्यांत परत येणं म्हणजे उपचार फसला असं नाही. उरलेलं आता दिसू लागलं, ते लहान असतानाच उडवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

लोक ज्याला ‘जाळणं’ म्हणतात ते बऱ्याचदा खरं तर गोठवणं असतं, म्हणजे क्रायो. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. तो फवाऱ्याने किंवा कापसाच्या काडीने चामखिळीवर धरला की काही सेकंदांत ती पांढरी, टणक होते आणि तिच्याभोवती एक-दोन मिलिमीटरची पांढरी कड उमटते. कड आली की थांबायचं, पूर्ण वितळू द्यायचं, मग पुन्हा गोठवायचं. पेशी मरतात त्या या गोठण्या-वितळण्याने. दुसऱ्या दिवशी लाली, कधी पाण्याचा किंवा रक्ताचा फोड, मग खपली, आणि साधारण आठवडा-दोन आठवड्यांत खपली पडते. हे सहसा एका बैठकीत संपत नाही. म्हणून आठवडा-दोन आठवड्यांनी परत बोलावतात, तुम्ही लिहिलेल्या ‘फेऱ्या’ त्या ह्याच. एकाच दिवशी खोलवर गोठवून मोकळं होणं जमलं असतं, पण मग जखम, व्रण आणि कायमचा पांढरा डाग पेशंटच्या वाट्याला येतो. त्या जागेच्या कातडीवर मी तरी ती घाई करत नाही.

आता लेझर. ते आम्ही करतो, आणि कधी करतो ते सांगते: चामखिळी खूप आणि पसरलेल्या असतील, मोठ्या फुलकोबीसारख्या झाल्या असतील, मूत्रमार्गाच्या तोंडाशी किंवा गुदद्वाराच्या आत असतील, किंवा बाकीचे उपाय पुरेसे करूनही हटत नसतील तेव्हा. अशा वेळी लेझर किंवा शस्त्रक्रिया हाच सरळ मार्ग असतो आणि एका बैठकीत जागा स्वच्छ दिसते, हे खरं. पण विषाणू शेजारच्या कातडीत तसाच असतो. लेझरनंतरही चामखिळी परत येतात. मोजून चार-पाच बारीक चामखिळींसाठी भुलीचं इंजेक्शन घ्या आणि भाजल्याची जखम सोसा, असं सांगायला मला कारण दिसत नाही. आणखी एक, ज्याची जाहिरात कुणी करत नाही: लेझर आणि कॉटरीच्या (म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळण्याच्या) धुरात एचपीव्हीचे अंश सापडतात. धूर ओढून घेणारं यंत्र आणि योग्य मास्क नसेल तर खोलीतल्या सगळ्यांनाच तो धोका आहे.

मलमाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच दिसतात.

घरी लावायची औषधं मुख्यतः दोन. इमिक्विमॉड ५ टक्के: आठवड्यातून तीन रात्री, झोपताना, आणि सहा ते दहा तासांनी साबण-पाण्याने धुवायचं. जास्तीत जास्त सोळा आठवडे. ते चामखीळ जाळत नाही, त्या जागी प्रतिकारशक्तीला जागं करतं. म्हणून लाली, खाज, थोडी सालं निघणं हे अपेक्षित आहे, काहींना अंगात कसकसही वाटते. पण उघडी जखम झाली, सूज आली किंवा लघवीला त्रास झाला तर काही दिवस थांबवायचं आणि दाखवायचं. ‘लवकर जावं म्हणून रोज लावलं’ हे मी इतक्यांदा ऐकते, की आता लावायच्या तीन रात्री पेशंटलाच कॅलेंडरवर खुणा करायला लावते. हे मलम कंडोमच्या रबराला कमजोर करतं, हेही सांगावं लागतं आणि नेमकं तेच लोक विसरतात.

दुसरं पोडोफायलोटॉक्सिन ०.५ टक्के: दिवसातून दोनदा, तीन दिवस, मग चार दिवस सुट्टी, असं जास्तीत जास्त चार आठवडे. हे पेशींची वाढ थांबवतं, त्यामुळे फक्त चामखिळीवर लावायचं, भोवतालच्या कातडीवर सांडू द्यायचं नाही. गरोदर बाईने ही दोन्ही औषधं वापरायची नाहीत. तिच्यासाठी क्रायो किंवा क्लिनिकमध्ये लावायचं ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड, हे सुरक्षित पर्याय आहेत. ते अॅसिड ८० ते ९० टक्क्यांचं असतं. टाचणीच्या टोकाएवढं लावलं तरी चामखीळ बर्फासारखी पांढरी पडते आणि मिनिटभर चांगलंच चुरचुरतं. जास्त झालं तर खायच्या सोड्याने किंवा साबणाने निष्प्रभ करता येतं. म्हणून ते फक्त आमच्या हाताने लावायचं, बाटली घरी मिळणार नाही.

आणि हातापायाच्या चामखिळींसाठी मेडिकलमध्ये सहज मिळणारं सॅलिसिलिक अॅसिडचं औषध गुप्तांगावर लावू नका. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही. त्याने भाजलेल्या जखमा बघितल्या आहेत. दोरा बांधणं, ब्लेडने कापणं यांबद्दल वेगळं लिहीत नाही.

काहीही न करता थांबणं हाही एक पर्याय आहे आणि तो आम्ही उघडपणे सांगतो. काहींच्या चामखिळी वर्षभरात आपोआप जातात. पण त्या वाढूही शकतात, आणि तोवर जोडीदाराला लागण होण्याची शक्यता असते. बहुतेक जण थांबायला तयार नसतात, ते समजतं मला.

तपासण्यांबद्दल. गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी एचपीव्हीची रक्ततपासणी वापरात नाही. निदान डोळ्यांनी, चांगल्या उजेडात, भिंगाखाली होतं. गर्भाशयमुखासाठी जी एचपीव्ही टेस्ट आहे ती कॅन्सरशी संबंधित प्रकार शोधते. तिने चामखिळीबद्दल काहीच ठरत नाही आणि पुरुषांसाठी ती नाही. उपयोग नसलेली तपासणी लिहून दिली तर पेशंट खूश होतो आणि रिपोर्टचा कागद घेऊन जातो, पण उपचार तसूभरही बदलत नाही. सिफिलिसची तपासणी मात्र दोन कारणांनी लागते. शरीरसंबंधातून होणारा एक संसर्ग सापडला की दुसरे शोधायचे, हा जगभरचा नियम आहे. आणि सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात गुप्तांगावर ओलसर, चपट्या गाठी येतात, त्या थेट चामखिळीसारख्या दिसू शकतात. त्यांच्यावर क्रायो करत बसलं आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन राहून गेलं, तर रोग आत पसरत राहतो. एचआयव्हीबद्दलही तेच: प्रतिकारशक्ती कमी असेल तर चामखिळी मोठ्या होतात आणि उपचारांना दाद देत नाहीत. ही तपासणी म्हणजे तुमच्या चारित्र्यावर शेरा नव्हे. विचारून, संमती घेऊनच करतो, नाही म्हटलं तर नाही.

(उलटही होतं. शिश्नाच्या टोकाच्या कडेला ओळीने बारीक मोत्यांसारखे दाणे असतात, ते अनेक पुरुषांत शरीराच्या नैसर्गिक ठेवणीचा भाग आहेत. ते ‘जाळून द्या’ म्हणून येणाऱ्यांना आम्ही हात न लावता परत पाठवतो.)

पत्नीचा मुद्दा. तुमच्या रिव्ह्यूतल्या याच ओळी मला सगळ्यात जास्त टोचल्या, म्हणून स्पष्ट लिहिते. विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारण दोन-तीन महिने जातात, कधी आठ महिने, तर कधी त्याहून कितीतरी जास्त. काहींना चामखीळ कधीच येत नाही, पण विषाणू असतो. त्यामुळे चामखीळ आज दिसली यावरून तो कुणाकडून आला आणि कधी आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असू शकतो, दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. जोडीदाराला बोलावतो ते न्याय करायला नाही. तिला स्वतःला दिसणार नाही अशा जागी चामखीळ असेल तर कळावी, आणि बाकीच्या संसर्गांची तपासणी व्हावी, इतकंच. ६ आणि ११ हे प्रकार कॅन्सर करणारे नव्हेत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे मुख्यतः १६ आणि १८ असतात. त्यामुळे नवऱ्याला किंवा तिला चामखीळ आली म्हणून पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) वेळेआधी करायची गरज नसते, नेहमीच्या वेळापत्रकाने केली की पुरे. हे बोलणं घरी कसं काढायचं हे अवघड वाटत असेल तर दोघांनी मिळून यावं, मी बोलते.

लस दिली असती तर बरं झालं असतं, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. लस झालेली चामखीळ घालवत नाही, पुढचं टाळते. टाळते मात्र जोरात. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्धची लस द्यायला सुरुवात केली, आणि २०११ पर्यंत तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत २१ वर्षांखालच्या तरुणींमध्ये चामखिळींचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त घसरलं. लस न मिळालेल्या त्याच वयाच्या मुलांमध्येही ते बरंच खाली आलं. घरात वयात येणारी मुलं असतील तर त्यांच्या डॉक्टरांकडे हा विषय जरूर काढा.

राहिली गॅरंटी. चामखीळ घालवायची खात्री मीही देते. विषाणू घालवायची देत नाही, कारण ती देता येत नाही. जिथे ती मिळतेय तिथे खुशाल जा, दुसरं मत घेण्यात गैर काहीच नाही. फक्त तीन गोष्टी विचारून घ्या: तीन महिन्यांत नवी आली तर काय करणार, धूर ओढणारं यंत्र आहे का, आणि चामखीळ काळपट, टणक किंवा रक्त येणारी असेल तर आधी तुकडा काढून तपासणीला पाठवतात का. शेवटचा प्रश्न तर कुणालाही विचारा, आम्हालाही.

जाताना जुने कागद लागतील. कुठल्याही पेशंटला केसपेपरची आणि रिपोर्टची प्रत काउंटरवर मागितली की त्याच दिवशी मिळते. कारण विचारलं जात नाही, आणि तिथे तुमच्या आजाराचं नावही कुणी मोठ्याने घेत नाही.