समेच्या आधी

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद जोपासावा, असे मला अनेकांनी सांगितले. तो संगणकावर जोपासू नये, असे मात्र एकानेही बजावले नाही. भूमी अभिलेख खात्यात 31 वर्षे लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजून झाल्यावर मी स्वतः चाल लावलेला एक अभंग घरच्या घरी ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. सौभाग्यवतींच्या भजनी मंडळाच्या वर्धापनदिनी तो ऐकवायचा होता आणि हाताशी पाच आठवडे होते. चार मिनिटांच्या अभंगाला पाच आठवडे म्हणजे चंगळच, असे मला तेव्हा वाटले.

एक मायक्रोफोन, त्याची वायर जिच्यात खुपसायची ती ऑडिओ इंटरफेस नावाची डबी, कान घट्ट झाकणारे हेडफोन आणि पुतण्याने बसवून दिलेले ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर एवढी सामग्री जमली. पहिल्याच संध्याकाळी दारे-खिडक्या लावून, मिक्सरबंदीचा हुकूम काढून मी गायला बसलो. मुखडा झाला, अंतरा उत्तम गेला, आता मुखड्यावर परतून सम गाठणार, तोच हेडफोनमध्ये माझ्याच तोंडचे शेवटचे अक्षर बिघडलेल्या गिरणीसारखे घरघरू लागले. पडद्यावरची खिडकी दुधात पाणी पडावे तशी पांढुरकी झाली, वर ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची अक्षरे उमटली, निळे कडे दोन-चार गिरक्या घेऊन थांबले आणि सगळे नाहीसे होऊन मागचा नातवाच्या मुंजीचा फोटो तेवढा समोर उरला. त्यात बटू नेमका हसत आहे.

“अहो, तुम्ही सम गाठायच्या आतच त्याने मान टाकली,” स्वयंपाकघरातून आवाज आला. पुढच्या पाच आठवड्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की त्यालाही चाल लावता आली असती.

संशयितांमध्ये पहिला क्रमांक उष्णतेचा लागला. मी संगणकाच्या डब्याची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन ठेवला. संगणक थंड झाला, पण मुद्रणात अभंगापेक्षा वारा जास्त ऐकू येऊ लागला आणि सॉफ्टवेअर त्या वाऱ्यासकट बंद पडले. मग रॅम वाढवून झाली. मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवून झाले, त्याबद्दल न बोललेले बरे.

त्यानंतर मी बफर नावाच्या प्रकरणात शिरलो. आवाजाचे दर सेकंदाला 44,100 नमुने घेतले जातात, कारण माणसाच्या कानाला साधारण 20,000 कंपनांपर्यंतचे ऐकू येते आणि तेवढे पकडायचे तर नमुने त्याच्या दुपटीहून अधिक लागतात. हे नमुने संगणक एकेक न उचलता घमेल्या-घमेल्याने उचलतो, आणि ते घमेले म्हणजे बफर. 64 नमुन्यांचे घमेले जेमतेम दीड मिलिसेकंदाचे होते. ते भरता-ओतताना संगणकाची दमछाक होऊन आवाजात तडतड येते. 1024 नमुन्यांचे घेतले, तर त्याला श्वास घ्यायला 23 मिलिसेकंद मिळतात, पण आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा तेवढा उशीर होतो. परिणामी हेडफोनमधला मी प्रत्यक्षातल्या माझ्या मागे, पेंगत साथ करणाऱ्या टाळकऱ्यासारखा गाऊ लागलो. त्याची वाट पाहावी तर लय रेंगाळे, न पाहावी तर दोघांचे भांडण होई. शेवटी 256 वर तडजोड केली. सॉफ्टवेअर 256 वरही बंद पडले.

1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले, तेव्हा सुमारे तीन मिनिटांत गाणे आटोपून शेवटी “माय नेम इज गौहर जान” असे त्यांना सांगता आले होते. समोर नुसता कर्णा होता. माझ्यापुढे त्या काळी कल्पनाही करता येणार नाही एवढे यंत्रबळ असून मी नावापर्यंत सोडाच, समेपर्यंतही पोहोचत नव्हतो.

चौथ्या आठवड्यात फोनवर पुतण्या म्हणाला, “काका, प्लगइन तपासा.” प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरच्या आश्रयाला येऊन राहणारी छोटी सॉफ्टवेअरे; कोणी आवाजाला धार लावतो, तर कोणी गोलाई देतो. फुकट मिळतात म्हणून मी अशी 64 जमवली होती. दोषी शोधायची रीत सोपी आहे: निम्मी बाजूला काढायची आणि पाहायचे. बंद पडले तर दोष राहिलेल्यांत, न पडले तर काढलेल्यांत. मग दोषी गटाचे पुन्हा दोन भाग करायचे. अशा सहा फेऱ्यांत 64 मधला एक खवट शेंगदाणा हाती लागतो. मात्र सॉफ्टवेअर हमखास बंद पडेल अशी खात्री नसल्यामुळे दर फेरीला मला तीन-तीनदा गावे लागे. शेजारच्यांच्या नातीला अभंग पाठ झाला, समेचा भाग वगळून. काही फेऱ्यांत सॉफ्टवेअर उघडताना ‘अमुक प्लगइन सापडत नाही’ अशी एक चौकट येत असे. ती मी न वाचता बंद करीत होतो.

सहावी फेरी संपली आणि चोर सापडला. देवळाच्या गाभाऱ्यात गायल्याचा भास निर्माण करणारे ते प्लगइन होते, आणि माझ्या आवाजावर मी पहिल्या दिवसापासून तेच चढवले होते. विजयी मुद्रेने मी पुतण्याला बोलावून घेतले. त्याने चहाचा कप डाव्या हातात धरून उजव्या हाताने विंडोजमधले इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणक आपले बिघाड टिपून ठेवतो ती नोंदवही, उघडले. तिथे लाल खुणांच्या 23 नोंदी होत्या, आणि प्रत्येकीत बिघडलेल्या भागाच्या नावापुढे त्याच प्लगइनचे नाव लिहिलेले होते.

“काका, हे पहिल्या दिवसापासून इथे लिहिलेलं आहे.”

‘कारण आदेशात नमूद आहे, वाचून घ्यावे,’ असे म्हणून मी 31 वर्षे लोकांना परत पाठवले होते. नावाखाली एक संकेतांक होता: सी, मग सहा शून्ये आणि शेवटी पाच. त्याचा अर्थ विचारल्यावर पुतण्या म्हणाला, “प्रोग्रामने आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीला हात लावला.” म्हणजे अतिक्रमण! त्यापुढचे मला कोणी सांगायची गरज नव्हती. प्लगइन मूळ सॉफ्टवेअरच्याच जागेत राहते, दोघांचा सातबारा सामायिक, हद्दीच्या खुणा नाहीत. एकाने नको तिथे पाय टाकला की खटला सगळ्या खातेदारांवर. अशी प्रकरणे मी शेकड्याने हाताळली होती, फक्त ती संगणकाच्या डब्यात कधी शोधली नव्हती.

जाता-जाता पुतण्याने आणखी एक गोष्ट दाखवली. गाणे चालू असतानाच आवाज डिस्कवर उतरत असतो, त्यामुळे फसलेली 23 मुद्रणे एका फोल्डरमध्ये शाबूत होती. फायलीची लांबी सुरुवातीच्या मजकुरात नोंदवायची राहून गेल्याने काही उघडेनात. ती त्याने 24 बिट, 44,100, एक चॅनल असे हाताने सांगून उघडून दिली. रात्री जेवणानंतर आम्ही नवरा-बायको ती ओळीने ऐकत बसलो. खाकरणे, कुकरच्या शिट्ट्या, “अगं, मिक्सर नको लावूस” असे माझे दर वेळी अधिकाधिक दीनवाणे होत गेलेले सूर, आणि मग अभंग. सौभाग्यवती मांडीवर ताल धरून डोळे मिटून ऐकत होत्या. तेविसावे संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“अहो, तो बंद पडायच्या आधीच तुमचा ताल सुटलेला आहे. प्रत्येक वेळी. दोन मात्रा.”

दुसऱ्या दिवशी गाभारा वगळून चोविसावे मुद्रण केले. सॉफ्टवेअर मुखड्यापासून अखेरपर्यंत खडकासारखे उभे राहिले, समेवरही, जिथे मी नव्हतो. दुपारी मंडळातून फोन आला, मुद्रण तयार आहे का म्हणून. “संगणकाचा जरा त्रास चालू आहे,” असे सांगून मी फोन ठेवला आणि काढून टाकलेले प्लगइन परत कसे बसवायचे, हे विचारायला पुतण्याचा नंबर फिरवला.