टीव्ही विकत मागतेय, फुकट नाही

आईबाबांसाठी नवा टीव्ही घ्यायला निघालेय, आणि रिमोटवर आकडे नाहीत. टीव्हीच्या रिमोटवर शून्य ते नऊ आकडेच नाहीत! आवाज बंद करायचं बटण शोधावं लागतं. पण चार ओटीटी कंपन्यांची चार ठसठशीत रंगीत बटणं मात्र बरोबर अंगठ्याखाली. त्यातल्या एकाचंही सबस्क्रिप्शन माझ्या आईबाबांकडे नाही आणि त्यांना ते नकोय. आई ७१ वर्षांची आहे. संध्याकाळी टीव्ही लावायचा, सह्याद्रीवरच्या बातम्या, मग तिच्या दोन मालिका, आणि मॅच असली की रिमोट बाबांच्या हातात. एवढंच तिला हवंय. चुकून त्या रंगीत बटणावर बोट पडलं की पडदाभर लॉगिनचं पान येतं आणि तिथून परत कसं यायचं ते तिला कळत नाही. दुकानातल्या पोराला हे सांगितलं तर म्हणे, "मॅडम, व्हॉइसने बोला ना, सगळं येतं." बोलले. भर दुकानात रिमोट तोंडाशी धरून दोनदा "सह्याद्री" म्हणाले. डोंगरातल्या ट्रेकचे व्हिडिओ आले.

सेट टॉप बॉक्सचा रिमोट वेगळा असतो, हे मलाही माहीत आहे. पण त्या बॉक्सपर्यंत पोचायला आधी टीव्हीचा रिमोट लागतो. टीव्ही चालू केला की आधी कंपनीचं चिन्ह, मग होम स्क्रीन, त्यावर सिनेमांच्या जाहिराती, मग इनपुट, मग एचडीएमआय १, म्हणजे बॉक्सची वायर जिथे जोडलेली असते ती जागा. जुन्या टीव्हीवर एक बटण दाबलं की चित्र यायचं. बाबा तर गच्चीवर जाऊन सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे अँटेना फिरवत टीव्ही बघितलेल्या पिढीतले आहेत. त्यांना तंत्र कळत नाही असं कुणी म्हणू नये. हे जाणूनबुजून अवघड करून ठेवलंय, कारण होम स्क्रीनवरून गेल्याशिवाय जाहिराती कोण बघणार?

आमचा जुना टीव्ही २०१३ चा, ३२ इंची. महिन्याच्या सुरुवातीला अचानक आवाज चालू आणि चित्र काळं. मेकॅनिकने अंधारात पडद्यावर टॉर्च मारून दाखवलं, आत चित्र अंधुक हलत होतं. पडद्याला मागून उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या (बॅकलाइट) गेल्या होत्या. पॅनेल चांगलं, बोर्ड चांगला, फक्त पट्ट्या. पण त्या मॉडेलच्या पट्ट्या कंपनीकडे नाहीत. पुण्यातल्या पसोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सगळ्या गल्ल्या मी दोन दुपारी पालथ्या घातल्या, तापकीर गल्लीत विचारलं, मापाला बसणारी पट्टी मिळाली नाही. एका पट्टीपायी अख्खा टीव्ही भंगारात. तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

बाबांची एक छोटी एफडी मोडली. बजेट २५ हजार. कसब्यातलं घर, हॉल लहान, सोफ्यापासून भिंत नऊ फूट. ४३ इंच बस झाला. गेले पंधरा-सोळा दिवस मी लक्ष्मी रोड, टिळक रोड, कर्वे रोड अशी दुकानं फिरतेय, ऑफिस सुटल्यावर, गाडी लावायला जागा शोधत. आणि एकाही ठिकाणी मला सरळ उत्तर मिळालेलं नाही.

पहिली गोष्ट किंमत. दाराबाहेर मोठा बोर्ड, २१,९९०. आत बिलाच्या काउंटरवर तोच टीव्ही २४,४९०. का? तर बोर्डावरची किंमत ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर, तीही हप्त्याने घेतलं तर, आणि जुना टीव्ही दिला तर. बाबांकडे सहकारी बँकेचं पासबुक आहे. त्यांनी आयुष्यात हप्त्याने काही घेतलं नाही. ते पाकिटात रोख पैसे घेऊन आले होते. म्हणजे जो माणूस पूर्ण पैसे एकरकमी देतोय, त्यालाच अडीच हजार जास्त! बाबा त्या पोराला म्हणाले, "अरे बाळा, मी तुला आत्ता सगळे पैसे देतोय." पोरगा म्हणाला, "काका, रोखीवर स्कीम नाही." बाबा गप्प बसले. मला ते गप्प बसणं अजून सहन होत नाही.

मग शेजारी उभा असलेला फायनान्सवाला लगेच पुढे. "नो कॉस्ट ईएमआय आहे मॅडम, एक रुपया व्याज नाही." शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. व्याज असतंच, ते किमतीत किंवा सवलतीत लपवलेलं असतं. क्रेडिट कार्डावर घेतलं तर वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ग्राहकाकडून, वर प्रोसेसिंग फी, त्या फीवर पुन्हा जीएसटी. हे सगळं विचारल्यावर तो मोबाइल बघत बाजूला झाला. न विचारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो काय सांगत असेल?

आणि जीएसटी! २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कराआधी २० हजारांचा टीव्ही २५,६०० ला पडत होता, तो २३,६०० ला पडायला हवा. सरळ दोन हजारांचा फरक. पण मी एका दुकानात ३२ इंची टीव्हीवर "जीएसटी कपात ऑफर" असं लिहिलेलं बघितलं. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच आहे! काहीही कमी झालेलं नाही. मी हे मोठ्याने सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "बोर्ड वरून आलाय." बरं, बोर्ड वरून आला असेल, पण पैसे खाली उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून जातात ना?

पण मला सगळ्यात जास्त संताप ज्याचा आलाय ते हे. चित्रच दाखवत नाहीत! पंचवीस टीव्ही भिंतीवर लावलेत, सगळ्यांवर कंपनीचीच फीत. मासे, फुलं, कापलेली फळं, रंगांची उधळण. रंग भडक, प्रकाश शेवटच्या टोकाला, दुकानासाठीचा वेगळा मोड लावलेला. तसा टीव्ही घरी कुणी बघत नाही. मी म्हटलं, साधं चॅनेल लावून दाखवा, मराठी बातम्यांचं. "डिशचं कनेक्शन नाही मॅडम." सहापैकी पाच दुकानांत हेच उत्तर. टीव्हीच्या दुकानात टीव्ही लागत नाही! पेन ड्राइव्ह नेला होता, तो लावू देत नाहीत.

आता हे का महत्त्वाचं आहे ते सांगते, कारण याच्यावरच सगळं अवलंबून आहे आणि कुणी बोलत नाही. ४के टीव्हीवर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. आई जी साधी, एचडी नसलेली चॅनेलं बघते ती ७२० गुणिले ५७६ ची, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. हिशेब करा. दर वीस ठिपक्यांतले एकोणीस टीव्हीला स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. तो अंदाज चांगला की वाईट हे आतल्या प्रोसेसरवर ठरतं, आणि स्वस्त टीव्हीत तिथेच हात आखडता घेतलेला असतो. म्हणून स्वस्त ४के टीव्हीवर साध्या चॅनेलवरचे चेहरे मेणासारखे आणि खालच्या पट्टीतली अक्षरं फुटलेली दिसू शकतात. माशांच्या फितीत हे कळणारच नाही, कारण ती ४केमध्येच चित्रित केलेली असते.

आणि ४के दिसतं तरी कुणाला? ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटीमीटर रुंद. फुल एचडीत त्या रुंदीत १९२० ठिपके, एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. धडधाकट नजरेलासुद्धा तो ठिपका साडेपाच फुटांपलीकडून वेगळा दिसत नाही. आमचा सोफा नऊ फुटांवर, आणि बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांच्यासाठी ४के आणि फुल एचडी एकच. पण ४३ इंचात आता जिकडेतिकडे ४केच पुढे करतात, आणि फुल एचडी मागितलं की पोरगा असा बघतो जणू मी काळ्या-पांढऱ्या टीव्हीची मागणी केली.

बाकी खोक्यावर काय काय छापलंय ते बघा. एचडीआर! म्हणजे काय, तर उजेड आणि अंधार यांतला जास्त फरक दाखवणारा सिग्नल टीव्हीला वाचता येतो. दाखवता येतो की नाही हे वेगळं. एचडीआर सिनेमे साधारण हजार निट्स (पडद्याच्या प्रकाशाचं माप) किंवा त्याहून जास्त प्रकाशाचा विचार करून तयार करतात. स्वस्त पॅनेल दोनशे ते तीनशे निट्सच्या आसपास दम तोडतं. निट्सचा आकडा खोक्यावर आहे का? नाही. क्यूएलईडी! नाव ओएलईडीसारखं वाटतं म्हणून माणूस फसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. क्यूएलईडी हा साधा एलसीडीच, आत रंग सुधारणारा एक थर जास्त, मागून दिवा तोच. पॅनेल व्हीए की आयपीएस (एलसीडी पडद्याचे दोन प्रकार), हे मी प्रत्येक दुकानात विचारलं, कारण व्हीएमध्ये काळा रंग जास्त गडद आणि आयपीएसमध्ये बाजूने बसलेल्यालाही रंग नीट दिसतात. बाबा बाजूच्या आरामखुर्चीत बसतात, मला हे माहीत असणं गरजेचं आहे. उत्तर काय मिळालं? "ब्रँडेड पॅनेल आहे मॅडम." अरे, हे काय उत्तर झालं?

ब्रँडचं तर विचारूच नका. कोडॅक, थॉमसन, ब्लाऊपुंक्ट ही तीन जुनी परदेशी नावं आपल्याकडच्या टीव्हींवर एकच भारतीय कंपनी परवाना घेऊन लावते. त्यात बेकायदेशीर काही नाही आणि टीव्ही वाईटच असतो असंही मी म्हणत नाही. पण दुकानदाराने हे सांगावं ना! बाबांना लहानपणीचा कोडॅकचा कॅमेरा आठवला, ते त्या नावावर विश्वास टाकायला निघाले होते.

आवाजाचं एका वाक्यात सांगते: पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात, संवाद पुटपुटल्यासारखे येतात, आणि तक्रार केली की सात हजारांचा साउंडबार पुढे सरकवतात.

रॅम १ जीबी, स्टोरेज ८ जीबी. आपले फोन चार वर्षांत कसे रेंगाळतात ते आपण बघतोच, आणि हा टीव्ही आईबाबांना दहा वर्षं पुरायला हवाय. किती वर्षं सॉफ्टवेअर अपडेट देणार? एकाही खोक्यावर नाही, एकाही माणसाला माहीत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या कंपन्यांना सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार हे जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे टीव्हीवर बीईईचं, म्हणजे वीजबचतीच्या सरकारी संस्थेचं, स्टार लेबल असतंच की. त्यावर वर्षाला वीज किती लागेल हा आकडा छापलेला असतो, आणि मला विचाराल तर अख्ख्या दुकानात तेवढा एकच कागद ग्राहकाच्या कामाचा असतो. तो आकडा छापता येतो, मग प्रकाश किती, पॅनेल कुठलं, अपडेट किती वर्षं, सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे चार आकडे छापायला काय धाड भरलीय?

त्यात हा टीव्ही तुम्हाला बघतो. पडद्यावर काय चाललंय हे ओळखून ती माहिती कंपनीकडे पाठवण्याची सोय यात असते. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीने याच प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. १ कोटी १० लाख टीव्हींचा मामला होता. सुरुवातीला ज्या अटींवर "मान्य" दाबून पुढे जातो ना, तिथे हे दडलेलं असतं, आणि सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. टीव्हीत गुगल टीव्ही हे सॉफ्टवेअर असेल तर पहिल्या सेटअपलाच "बेसिक टीव्ही" असा पर्याय असतो. तो घेतला की इंटरनेटची भानगडच नाही, सेट टॉप बॉक्स लावा आणि बघा. माझ्या आईला नेमकं हेच हवं होतं! सोळा दिवसांत एका विक्रेत्याने सांगितलं नाही. मला रात्री बारा वाजता वाचून कळलं.

आता मी एका कागदावर सात प्रश्न लिहिलेत. रोख किंमत सगळं धरून किती. पॅनेल कुठलं. निट्स किती. अपडेट किती वर्षं. बॅकलाइटच्या पट्ट्या सात वर्षांनी मिळतील का. भिंतीवर लावायचे वेगळे पैसे किती. आणि साधं मराठी चॅनेल लावून दाखवणार का. शनिवारी चार दुकानांत तो कागद दिला. एकाने वाचून परत केला, एकाने घडी करून गल्ल्याखाली ठेवला, दोघांनी "ऑनलाइन बघा ना" म्हणून सांगितलं. लेखी उत्तर देईल त्याच्या हातात बाबा २५ हजार रोख ठेवायला तयार आहेत.

तोवर आई संध्याकाळी सातला शेजारच्या काकूंकडे मालिका बघायला जाते. तिला दुसऱ्याच्या घरी असं रोज जाऊन बसणं अजिबात आवडत नाही, म्हणून ती दाराजवळच्या खुर्चीवर बसते आणि जाहिराती लागल्या की उठून घरी येते.