वर मिरपूड

गेल्या रविवारी साडूच्या मुलाच्या मुंजीत माझी जिलबी गेली. पानात मठ्ठा होता, मसालेभात होता, जिलबीवाला वाढपी तीन माणसांवर येऊन ठेपला होता आणि खिशातला फोन थरथरला. ‘तुमची लायब्ररी विंडोजवर चालत नाही. तुम्ही टेस्ट तरी करता का?’ पहिल्या वाक्याचं मला काही वाटत नाही, सहा वर्षं झाली वाचतोय. जिव्हारी लागला तो ‘तरी’.

सोबत फोटो होता. स्क्रीनशॉट नव्हे, फोटो. मोबाईलने काढलेला, तिरका, कडेला अंगठा आणि चहाचा कप. एरर नेमका कपाच्या आड.

मी डिफरन्शियल इक्वेशन सोडवणारी एक छोटी लायब्ररी सांभाळतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडून वापरायचा तयार कोड. प्रोग्रॅमिंगच्या भाषा दोन, वरून पायथॉन, आतून जुनंपानं फोरट्रान. कोड उघडा, वापर फुकट. शहाण्या माणसाने फोन पालथा घातला असता. मी पानावरून उठलो आणि लॅपटॉप घेऊन कार्यालयाच्या मागच्या बाजूला, आचाऱ्यांचे सिलिंडर ठेवतात तिथे जाऊन बसलो. तिथे अप्पा आधीच तंबाखू मळत बसले होते. अप्पा म्हणजे बायकोचे मामा, वीजखात्यातून निवृत्त.

“ऑफिसचं काम का, जावईबापू?”

“नाही, हे आपलं घरचं.”

“म्हणजे जोडधंदा.”

“धंदा नाही अप्पा. फुकट असतं हे.”

तळहातावरचा अंगठा थांबला. “फुकट कोणाला?”

“कोणालाही.”

“बँकांनासुद्धा?”

“हो.”

“अमेरिकेतल्या?”

“त्यांनाही.”

“आणि बिघडलं तर तक्रार कोणाकडे?”

“माझ्याकडे.”

अप्पांनी चिमूट दाढेत सरकवली. हे प्रकरण सावकाश चघळायचं होतं. “पण एकदा करून दिलं की सुटलात ना? पुन्हा पुन्हा काय असतं त्यात?”

आता हा प्रश्न मला आजवर घरात कोणी विचारलेला नाही. मी सुटलोच. एकच कोड, पण लिनक्स, मॅक आणि विंडोज, प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा बांधून द्यावा लागतो, असं सांगायला सुरुवात केली, तर अप्पा म्हणाले, “पाच अँपिअरचं सॉकेट आणि पंधरा अँपिअरची पिन.” कॉम्प्युटर शिकलेल्या माणसांना हे समजावताना माझा घसा बसलेला आहे. वाकून नमस्कारच करणार होतो, पण मांडीवर लॅपटॉप होता.

विंडोजचं दुखणं असं, की मायक्रोसॉफ्टच्या डब्यात सी या भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडाचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, मिळतो, फोरट्रानचा नाही. मग जीफोरट्रान नावाचा कंपायलर बाहेरून आणा. त्याने केलेल्या फायलीला त्याच्याच डीएलएल, म्हणजे मदतनीस फायली, लागतात, त्या पॅकेजमध्ये बांधून सोबत धाडा.

“पाठराखीण,” अप्पा म्हणाले.

अगदी तीच. आणि एकाच प्रोग्रॅममध्ये दोन लायब्रऱ्या आल्या, दोघींच्या पाठराखणींचं नाव एकच असलं, की विंडोज आधी आलेलीलाच दोघींची समजतं. दुसरी सून मग भलत्याच बाईच्या भरवशावर संसार करते आणि एक दिवस सगळं कोसळतं. म्हणून आम्ही डीएलएलच्या नावाला अगम्य अक्षरांचं शेपूट जोडतो.

“आमच्या वाड्यात दोन मंदा होत्या. एकीला गिरणीवाली मंदा म्हणायचो,” अप्पा म्हणाले. मी आठ तास खर्चून जे शिकलो होतो, ते वाड्याला फुकट माहीत होतं.

विंडोजवरून आठवलं. मूळ कोडातल्या एका फाईलचं नाव होतं ‘एयूएक्स’. विंडोजवर ती उतरेचना. कारण डॉसच्या जमान्यात हे नाव एका उपकरणासाठी राखून ठेवलं होतं. उपकरण गेलं, डॉस गेलं, आरक्षण राहिलं. एसटीतली आमदारांसाठी राखीव सीट असते ना, तसं. तिथे बसलेला आमदार मी जन्मात पाहिलेला नाही, पण पाटी शाबूत.

लिनक्सचा न्याय उलटा. जुन्या सिस्टिमवर बांधलेलं नव्या सिस्टिमवर चालतं, नव्यावरचं जुन्यावर चालत नाही, कारण सगळ्याच्या बुडाशी असलेली जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी. म्हणून 2014 सालचं सेंटओएस 7 हे जुनं लिनक्स घ्यायचं आणि त्याच्यावर बांधायचं. त्याची देखभाल 30 जून 2024ला अधिकृतपणे बंद झाली. मी अजून तिथेच चूल मांडून आहे.

मॅक तर माझ्याकडे नाहीच. दुसऱ्याच्या सर्व्हरवर बांधतो आणि लांबून हात जोडतो. 2020च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःची एम1 चिप आणली आणि माझ्या चाचण्यांतली चार उत्तरं हलली. ही चिप गुणाकार आणि बेरीज एका दमात करून शेवटी एकदाच राउंड करते. आधी दोनदा व्हायचं. म्हणजे नवं उत्तर जास्तच बरोबर, पण जुन्याशी जुळेना. फरक सोळाव्या अंकात.

“पैशांत सांगा,” अप्पा म्हणाले.

मी हिशोब केला. एक लाख कोटी रुपयांमागे एका पैशाचा साधारण पन्नासावा हिस्सा.

“आणि त्यासाठी तुम्ही...”

“तीन शनिवार.”

अप्पा बाजूला जाऊन थुंकून आले. मला वाटतं, त्यात थोडं मतही होतं. “पण हे वापरतं तरी कोण?”

इथे मी जरा छाती फुगवली, उसनी का होईना. 14 सप्टेंबर 2015ला अमेरिकेत लायगो या वेधशाळेने गुरुत्वीय लहरी पकडल्या, तो डेटा तपासताना नमपाय आणि सायपाय या आकडेमोडीच्या असल्याच फुकटच्या लायब्रऱ्या कामी आल्या. तसली वेधशाळा आता आपल्या हिंगोलीला होते आहे, एप्रिल 2023मध्ये केंद्राने 2600 कोटी मंजूर केले.

“हिंगोली? औंढ्याला चार वर्षं काढलीत मी!” अप्पा ताठ झाले. “2600 कोटी. त्यातले तुमचे किती?”

“अप्पा, ती नमपाय. माझी वेगळी.”

“बरं, त्या नमपायवाल्यांचे किती?”

काय सांगणार? नमपायची 1.0 आवृत्ती 2006ची आणि तिच्या विकासासाठी पहिलं मोठं अनुदान 2017चं. मधली वर्षं लोकांनी रात्री जागून काढली. आत मांडवात भिक्षावळ सुरू झाली होती. बटूने ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणत दहा मिनिटांत जेवढी पाकिटं गोळा केली, तेवढी माझ्या ‘प्रायोजक व्हा’ या बटनाने सहा वर्षांत केलेली नाहीत. माझी एकूण जमा अकरा डॉलर. त्यातले पाच कॉलेजच्या मित्राचे, तेही पैज हरल्याचे.

हसण्यावारी नेतो खरा, पण 2024च्या मार्चपासून तेवढं जमत नाही. एक्सझेड नावाचं फाईल दाबून लहान करणारं साधन, तेही वर्षानुवर्षं मुख्यतः एकाच माणसाने सांभाळलेलं. आपली तब्येत बरी नाही, हे फावल्या वेळातलं काम आहे, असं त्याने उघड लिहिलं होतं. त्यावर अनोळखी नावांनी तगादा लावला, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. मदतीला धावून आलेल्या ज्या सज्जनाच्या हाती त्याने किल्ल्या दिल्या, त्यानेच चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय अशी शंका आली म्हणून ते सापडलं. जगाने त्या बातमीत चोर पाहिला. मला दिसले ते तगादेवाले. त्यांची भाषा माझ्या इनबॉक्समध्ये तशीच्या तशी पडलेली आहे, आणि ती लिहिणारे कोणी हेर नाहीत, पगारी नोकरदार आहेत.

हे अप्पांना सांगितलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “अन्नछत्री जेवायचं आणि वर मिरपूड मागायची, तशातली गत.”

एव्हाना फोटो मोठा करून मी कपाच्या कानापलीकडे डोकावलो होतो. फोल्डरांची माळ दिसली. डेस्कटॉप, न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, प्रोजेक्ट फायनल, फायनल नवीन, फायनल नवीन सरांनी सांगितलेलं. विंडोजमध्ये अख्खा पत्ता 260 अक्षरांत बसावा लागतो, मुद्दाम सेटिंग बदललं नाही तर. यांचा पत्ता शेवटच्या फाईलपर्यंत पोचायच्या आतच संपत होता. मी लिहिलं, ‘कृपया फोल्डर थेट सी ड्राइव्हवर ठेवून पाहा.’ ‘कृपया’ दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवला.

आठ मिनिटांनी उत्तर आलं. ‘चाललं. पण हे लायब्ररीने सांभाळायला हवं. 32 बिट विंडोजसाठी कधी देणार?’

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं. “मिरपूड?”

“हो.”

“देणार?”

मी ‘पुढच्या आवृत्तीत बघतो’ असं टाईप करत होतो. अप्पांनी मान फिरवली.

आत गेलो तर पंगत उठली होती, पानं गोळा होत होती. जिलबीच्या परातीत पाक आणि दोन माश्या. दारात साडू हात जोडून सगळ्यांना निरोप देत होते. मला पाहून खुलले. “काय हो, जिलबी कशी झाली होती? टेस्ट तरी केलीत का?”