माळ घातली का?

दिवाळीनंतरची गोष्ट. मळ्यात बसलो होतो. मोठ्या पातेल्यात मटण रटरटत होतं, शेजारी तीन दगडांवर लहान भगुण्यात माझी येसर आमटी. बोअरच्या गाडीवाला जो आमचा मित्र आहे, त्याचा साडू पहिल्यांदाच आलेला. त्यानं माझ्या ताटाकडं पाहिलं, मग गळ्याकडं पाहिलं.

"माळ घातली का मालक?"

"नाही."

"मग आज वार हाय का?"

"वार पण नाही."

"शुगर?"

आपल्याकडं मटण न खाणाऱ्या माणसासाठी एवढेच खाने आहेत. माळकरी, वारकरी नसला तरी वार पाळणारा, डॉक्टरनं बंद केलेला, आणि चौथा खाना जातीचा, तो तोंडावर कुणी विचारत नाही, आडनावावरून मनातल्या मनात लावून घेतात. माझं आडनाव त्या खान्यात बसत नाही म्हणून पाहुणे जास्तच गोंधळले. मी सांगितलं, जनावराचं बघवत नाही म्हणून सोडलं. "अन् दूध?" दूध पण. "दही?" दही दुधाचंच होतं पाहुणे. "मध?" तिथं झेडपीचा मास्तर मध्ये पडला. "पाहुणे, त्याला सोडा, नळी थंड होऊलाली."

पाहुण्यांना अर्धंच उत्तर मिळालं. उरलेलं इथं लिहितो, कारण चार वर्षांत हा प्रश्न मला शंभरदा तरी आला असेल आणि नीट उत्तर मी एकदाही दिलेलं नाही.

सुरुवात मटणापासून नाही, म्हशीपासून करावी लागेल. लहानपणी आमच्या दारात म्हैस होती. वगार, म्हणजे मादी पिल्लू, झाली की घरात आनंद. हल्या, म्हणजे नर, झाला की वडील काही न बोलता बाहेर निघून जायचे. वगारीला एक सड सोडायचा, हल्याला म्हैस पान्हावेपर्यंतच लावायचं आणि लगेच ओढून खुंट्याला. ते ओढायचं काम माझ्याकडं. आठ-नऊ वर्षांचा असेन. त्याच्या तोंडाला फेस, मान सडाकडं ताणलेली, चारी पाय मातीत रोवलेले, आणि दाव्याचा पीळ माझ्या तळहातावर उमटलेला. एका वर्षी हल्या पंधरा दिवसांतच मेला. म्हैस पान्हवेना, लाथा मारायला लागली. मग कुणीतरी एक लहान बाटली आणून दिली. सुई टोचली की थोड्या वेळात धार सुरू. त्या औषधाचं नाव ऑक्सिटोसिन, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आणि तेच औषध बाळंतपणात कळा वाढवायला देतात, हे बायकोच्या वेळी दवाखान्यात चिठ्ठी हातात आल्यावर.

आता तुम्हाला वाटेल की त्या दिवसापासून सोडलं. नाही. त्या रात्री मी दूधभाकर खाल्ली, आणि पुढं तीसेक वर्षं सगळं खाल्लं. मटणाच्या पार्टीला पहिला हजर मी असायचो. मुंडी साफ करण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. सुटलं तेही एका झटक्यात नाही. आधी मटण, मग अंडी, दूध सगळ्यात शेवटी, आणि खरं जड गेलं ते दूधच. मटण महिन्यातून दोनदा, चहा दिवसातून सहादा.

याला 'व्हीगन' म्हणतात. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाचा सुतारकाम शिकवणारा एक मास्तर आणि त्याच्यासोबतची मंडळी यांनी हा शब्द काढला. व्हेजिटेरियन या इंग्रजी शब्दाची सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन अक्षरं ठेवली, मधलं काढून टाकलं. आमचा मास्तर म्हणतो, म्हणजे शब्दाची मुंडी आणि शेपूट ठेवलं, बाकीचं खाल्लं. तेव्हापासून ग्रुपात माझं नाव 'मुंडी-शेपूट' आहे.

आईला यातलं काही पटलं नाही. "कोरा च्या मयताच्या घरी पितेत," हे तिचं एकच वाक्य, आणि त्यावर उत्तर नाही. माझा एक चुलता माळकरी आहे, मला वाटलं तो तरी बाजू घेईल. तो म्हणाला, "नरसीचे नामदेव महाराज कुत्र्याच्या मागं तुपाची वाटी घेऊन पळाले, कोरडी भाकर त्याच्या घशाला लागू नये म्हणून. आन् तू तूप खाईना?" काय बोलणार. बी-१२ ची गोळी मात्र मी न चुकता घेतो, कारण ते जीवनसत्त्व धान्या-भाजीत मिळत नाही. आईला वाटतं ती गोळी दूध सोडल्याची शिक्षा आहे.

पण बिनजनावराचं दूध आमच्या घरात नवं नव्हतंच. आजीचं माहेर बीदरकडचं. ती करडई भिजवायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळायची. त्या पांढऱ्या पाण्यात कुटलेले गहू आणि गूळ घालून हुग्गी करायची. तिनं व्हीगन हा शब्द ऐकला असता तर आधी 'कुण्या गावचा' म्हणून विचारलं असतं. मी एकदा तशी करून पाहिली, मिक्सरवर. जरा कडवट झाली, टरफल नीट गेलं नव्हतं. आणि करडई आणायची कुठून? पूर्वी ज्वारीच्या कडंनं तिचे तास असायचे, काट्यामुळं जनावर आत शिरत नसे. आता बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन. असो.

मला खरा त्रास मटण खाणाऱ्यांनी दिला नाही. दिला तो मला आपलं समजणाऱ्यांनी.

नोकरीच्या बदलीत काही महिने संभाजीनगरला होतो. खोली बघायला गेलो. मालकांनी आधी आडनाव विचारलं, मग आडवळणानं 'खाण्यापिण्याचं' विचारलं. मी म्हणलो, मटण-अंडी काही खात नाही. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "बरं झालं, सकाळीच एकाला परत पाठवलं. तसले लोक आम्ही ठेवत नाही." सकाळी परत गेलेला माणूस माझ्याच ऑफिसातला होता, मुसलमान, आणि खोलीचा पत्ता मला त्यानंच दिला होता. तोही शाकाहारी निघाला असता तरी खोली मिळाली नसती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी ती खोली घेतली. पाच महिने राहिलो. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण वगळलं तर बाकीच्या पोस्टला अर्थ नाही. त्या घरात रोज दोन लिटर दूध यायचं. त्या दुधामागचा हल्या कुठं गेला हे कुणाला विचारावं असं वाटत नव्हतं, पण शेजारच्या कढईत काय शिजतंय याचा वास मात्र जिन्यातून घेतला जायचा. मी मटण सोडलं ते मटण घाण आहे म्हणून नाही. ज्या भांड्यात ते शिजलं ते भांडं मला बाटलेलं वाटत नाही, आणि खाणारा माणूस तर नाहीच. 'शुद्ध' हा शब्द पाटीवर दिसला की मी दोन पावलं मागं सरकतो, मग आत कितीही चांगली शेवभाजी मिळत असो.

म्हणून मळ्यात येतो. येताना पैशांचा घोळ असतोच. काँट्री काढायची तर मी मटणाचे पैसे द्यायचे का? पहिल्या वर्षी मी दिले आणि रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्यांदा नाही दिले तर ग्रुपातला आडत्या म्हणाला, "भाकरीचे तर देशील?" आता ठरलंय: भाकरी, कांदे, लिंबू, शेंगदाण्याची चटणी आणि सरपण माझ्याकडं. आमटी मास्तर करतो. माझं भगुणं आधी उतरवतो, पळी धुतो, मगच मटणाला हात लावतो. मी कधी सांगितलं नव्हतं. कोंबडी मळ्यातच कापायची असली तर मी विहिरीकडं जातो. त्यांना माहीत आहे का जातो. मोटर बघून आलो म्हणतो, ते पण बरं म्हणतात.

वाद होत नाहीत असं नाही. 'झाडाला जीव नाही का' हा बाळबोध प्रश्न आता आमच्यात कुणी काढत नाही, तो नव्या पाहुण्यांसाठी राखीव आहे. खरा वाद बोअरवाल्यानं घातला. म्हणाला, "२०१६ आठवतं का? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं. त्या साली शेतात काडी नव्हती. पोरीची फी कशी भरली? शेळ्या विकून. कोण घेतं शेळी, पाळायला? खाणारा हाय म्हणून भाव हाय." आपल्याकडची उस्मानाबादी शेळी काळीभोर, काटक, बाभळीच्या शेंगा आणि निंबाचा पाला खाऊन जगते, जुळी देते. गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही. मी गप्प बसलो. माझा पगार एक तारखेला होतो. ज्याचा होत नाही त्याला दावणीची शेळी सोड म्हणायचं तोंड मला नाही. पण त्याचं बरोबर आहे म्हणून बोकडाला दुखत नाही असंही होत नाही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी बसलेल्या आहेत, एकमेकींकडं पाठ करून.

कायद्याचाही विषय निघतो. राज्यात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळू पण त्यात आले. लोकांना वाटतं मी खूश असेन. मी नाही. म्हातारा बैल सांभाळायचा खर्च तेवढा शेतकऱ्यावर पडला, आणि हल्या, बोकड, कोंबडी यांच्या बाजूनं कुणाला काही म्हणायचं नाही. कोणत्या जनावराची दया करायची हे आधीच ठरलेलं असेल तर तिथं वेगळंच काहीतरी चाललंय.

मग तुला आम्ही सोडावं वाटतं का नाही, असं मास्तरानं एकदा स्पष्टच विचारलं. मी म्हणलो, वाटतं. रोज वाटतं. उगीच 'ज्याचं त्याचं' म्हणून वेळ मारून नेणं मला जमत नाही. तुम्ही जेवताना मी शेजारी बसतो म्हणजे मला ते चालतं, असं नाही. तो म्हणाला, "मग बोलत का नाहीस?" म्हणलो, विचारलंस की बोललो. त्यावर तो हसला आणि रस्सा वाढून घेतला.

गेल्या उन्हाळ्यात आडत्याच्या घरची कंदुरी होती, नवसाची. दर्ग्यावर सगळं गाव. बोकड त्यांच्या धाकट्यानं वाढवलेला, पाचवीतलं पोरगं. सकाळी बोकडाच्या गळ्यात हार घातला, आणि मुलाणी आला तेव्हा पोरगं माझ्या मागं येऊन उभं राहिलं, माझा शर्ट मुठीत धरून. रडलं. मला वाटलं, आता हे पोरगं काही खात नाही. दुपारी पंगतीत ते माझ्या समोरच बसलं आणि आईकडं नळी मागत होतं. मिळाली. ताटावर ठोकून ठोकून त्यातला मगज काढला, आणि माझ्याकडं बघून म्हणालं, "काका, तुम्हाला कायच नाही?" मी म्हणलो, भाकरी आहे की. त्याच्या वयाचा असताना मी पण दाव्याचा वळ असलेल्या हातानंच दूधभाकर खाल्ली होती. त्याला काय सांगणार.

आणि यंदाची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. आमच्या लातूर-धाराशिव पट्ट्यात येळवशीला घरी बसणारा माणूस शोधून सापडत नाही. आडत्याच्या शेतात कडब्याची कोप, आत चुना लावलेले पांडव, भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात आंबील. भज्जीत सगळ्या शेंगा-दाणे-पालेभाज्या, बेसन आणि चिंच, त्यामुळं तिथं मी राजा. आंबिलीत मात्र ताक. गेली तीन वर्षं येळवस असून माझ्या तोंडाला आंबील नाही.

यंदा वहिनींनी कोपीच्या आडोशाला एक वेगळा तांब्या झाकून ठेवलेला. "भाऊजी, ही तुमची. ताक नाही घातलं, चिंचंचं पाणी घातलंय." मी हात धुवून येईपर्यंत बोअरवाल्याच्या साडूनं तो उचलून तोंडाला लावला होता. एक घोट घेतला आणि थांबला.

"वहिनी, याला काय झालंय?"

"ती भाऊजींची हाय. ठेवा खाली."

त्यानं तांब्या माझ्या हातात दिला, आणि पुन्हा एकदा माझ्या गळ्याकडं बघितलं.

खरं सांगतो, जमली नव्हती. चिंच फार झाली होती, दात आंबले. मी पूर्ण तांब्या संपवला आणि अजून आहे का विचारलं.